बफेवरचं अकरावं पुस्तक घेण्याआधी

पत्र (जागेसाठी थोडं आटोपतं केलं आहे):

ताई, नमस्कार. मी नागपूरला सक्करदऱ्यात राहतो, वय 37. दवा बाजारात एका होलसेलरकडे 12 वर्षांपासून काम करून राहिलो. आता खरेदी आणि वसुली दोन्ही माझ्याकडेच आहे. दोन वर्षांत अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफेवरची 10 पुस्तकं वाचली. काही बर्डीवरून जुनी आणली, काही ऑनलाइन मागवली. आता 9 लाखांची एफडी मोडून चार शेअर्समध्ये टाकायचं मनात आहे. एक औषध कंपनी, एक पेंटवाली, एक खाजगी बँक आणि एक बिस्किटवाली. बफेच म्हणतात ना, मोजक्या कंपन्या घ्या आणि जन्मभर ठेवा. बायको शाळेत गणित शिकवते. ती म्हणते, पुस्तकं वाचून कोणी बफे होत नाही, एफडीला हात लावायचा नाही. दोघांचा मिळून पगार 62 हजार, खर्च 45 हजार, मुलगी 8 वर्षांची. बाबांचं म्हणणं, बेसा रोडला प्लॉट घे. मित्र शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करतो, तो मला हसतो. दोनच प्रश्न आहेत. आता पुढचं कोणतं पुस्तक वाचू? आणि बायकोला कसं पटवू?

उत्तर:

भाऊ, पुढचं पुस्तक वर्षभर कोणतंच नको. दिवसभर वसुली करून रात्री 10 पुस्तकं वाचणारा माणूस आळशी नसतो, तेव्हा हे टोमणा म्हणून घेऊ नका. पण एकाच माणसावरची 10 पुस्तकं म्हटली की पाचव्या-सहाव्यापासून त्याच गोष्टी फिरून येतात. अकराव्या वर्षी घेतलेले तीन शेअर्स, घरोघरी टाकलेले पेपर, कोकाकोला, ओमाहाचं ते जुनं घर. वाचताना छान वाटतं, आपलंही डोकं तसंच चालायला लागलं असं वाटतं. तुमच्या मूळ पत्रात बफेंबद्दल दीड पान होतं. ज्या चार कंपन्यांत घरातली सगळी शिल्लक टाकायची आहे, त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती.

या पुस्तकांची मूळ अडचण अशी की लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. 1988 साली बफेंनी कोकाकोलाचे शेअर्स घ्यायला सुरुवात केली, ते प्रकरण वाचताना वाटतं की हे तर कुणालाही दिसलं असतं. त्याच माणसाने 1993 साली डेक्स्टर नावाची बूट बनवणारी कंपनी 43.3 कोटी डॉलरला घेतली, आणि तीही रोख न देता स्वतःच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीचे शेअर्स देऊन. परदेशातून स्वस्त बूट आले आणि काही वर्षांत त्या कंपनीची किंमत जवळजवळ शून्य झाली. दिलेले शेअर्स मात्र पुढे कितीतरी पटींनी वाढले. आपण केलेल्या सर्वांत वाईट सौद्यांपैकी हा एक, असं त्यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रांतून एकदा नव्हे, अनेकदा कबूल केलं. चरित्रांत याला फार तर एक परिच्छेद मिळतो आणि कोकाकोलाला अख्खं प्रकरण. त्यात लेखकाची लबाडी नाही. यशाची गोष्ट विकली जाते, एवढंच.

'माइंडसेट' हा शब्द तर आता प्रत्येक मुखपृष्ठावर असतो. थंड डोक्याचा, रागलोभ नसलेला गुंतवणूकदार. खुद्द बर्कशायर हॅथवे त्यांच्या ताब्यात कशी आली ते आठवा. ती मुळात कापडगिरणी, धंदा उतरणीला लागलेला. 1962 पासून बफे तिचे शेअर्स स्वस्तात घेत होते. 1964 साली गिरणीच्या प्रमुखाने त्यांचे शेअर्स साडेअकरा डॉलरला परत घेऊ असं तोंडी ठरवलं आणि पत्रात साडेबारा सेंट कमी लिहून पाठवले. बफे चिडले. विकायचं सोडून आणखी शेअर्स घेत गेले, 1965 साली कंपनीच ताब्यात घेतली आणि त्या माणसाला घरी बसवलं. ज्या धंद्यात काही राम उरला नव्हता तो असा रागाच्या भरात गळ्यात पडला आणि 1985 पर्यंत ओढावा लागला. हा मूर्खपणा होता, असं 2014 च्या पत्रात त्यांनी सविस्तर लिहिलंय. तेव्हा थंड डोकं जन्मजात असतं आणि आपल्यात ते नाही, असं समजून खंतावू नका. आणि 10 पुस्तकांनी ते आलं, असंही समजू नका. ते आलं की नाही, हे बाजार पडेल तेव्हा कळेल. जानेवारी ते मार्च 2020 मध्ये निफ्टी हा आपल्या शेअर बाजाराचा निर्देशांक साधारण 38 टक्के पडला होता. तुमचे 9 लाख त्या वेळी साडेपाच लाखांच्या आसपास दिसले असते, तेही निर्देशांकात असते तर. चारच शेअर्समध्ये काय झालं असतं ते कोणते चार यावर.

आता 'मोजक्या कंपन्या घ्या' या वाक्याबद्दल. तुम्ही अर्धं वाचलं आहे. 1993 च्या पत्रात बफेंनी दोन प्रकारच्या माणसांबद्दल लिहिलंय. ज्याला धंद्याचं अर्थकारण कळतं आणि वाजवी भावात मिळणाऱ्या पाच ते दहा कंपन्या जो शोधू शकतो, त्याने उगाच पन्नास ठिकाणी पैसे पसरू नयेत. आणि ज्याला कुठल्या एका धंद्याचं असं ज्ञान नाही, पण देशाच्या उद्योगात पैसा लावायचा आहे, त्याने इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या घेणाऱ्या फंडात, ठरावीक काळाने थोडे थोडे टाकत राहावेत. तसं केलं तर बहुतेक व्यावसायिक फंड मॅनेजरांनाही तो मागे टाकेल. दोन्ही सल्ले एकाच पत्रातले, शेजारशेजारचे. पुस्तकांतून आणि व्हॉट्सॲपवरून पहिला तेवढा फिरतो, कारण तो ऐकणाऱ्याला आपण पहिल्या प्रकारात आहोत असं वाटायला लावतो. आपल्या पश्चात पत्नीसाठी ठेवलेल्या पैशांचं काय करायचं, हेही त्यांनी 2013 च्या पत्रात सांगून टाकलंय: 90 टक्के अमेरिकेच्या 500 कंपन्यांच्या इंडेक्स फंडात, 10 टक्के अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत.

त्यांचं काय उचलता येणार नाही, हेही एकदा पाहून घ्या. 1967 साली त्यांनी 86 लाख डॉलरला एक विमा कंपनी घेतली. विम्यात हप्ता आज येतो आणि दावा पुढे कधीतरी द्यावा लागतो. मधल्या काळात तो पैसा हाताशी राहतो. असा दुसऱ्यांचा, बहुतांश वर्षं जवळपास फुकट मिळालेला पैसा 2024 च्या अखेरीला 170 अब्ज डॉलरच्या वर गेला होता. 'शेअर निवडणारा जादूगार' या गोष्टीत हे इंजिन झाकलं जातं. दुसरी गोष्ट वयाची. 1930 चा जन्म, 1942 साली पहिले शेअर्स, आणि 2025 संपेपर्यंत कंपनीच्या प्रमुखपदी. 1965 ते 2024 या काळात बर्कशायरच्या शेअरचा चक्रवाढ दर वर्षाला 19.9 टक्के आला, त्याच काळात अमेरिकी निर्देशांकाचा 10.4 टक्के. त्यांच्या संपत्तीचा फार मोठा भाग वयाच्या पासष्टीनंतर जमला आहे. आणि या प्रवासात बर्कशायरचा शेअर 1973 ते 75 मध्ये 59 टक्के, 1987 मध्ये 37 टक्के, 1998 ते 2000 मध्ये 49 टक्के आणि 2008-09 मध्ये 51 टक्के पडला होता. 'जन्मभर ठेवा' यात हे चार खड्डेही आले. एफडी मोडलेल्या घरात असा एक खड्डा आला, तर जन्मभर सोडा, सहा महिने धरवत नाही.

आता जे खरंच उचलता येईल त्याकडे येते, कारण इथे तुमच्याकडे असं काहीतरी आहे जे माझ्या ओळखीच्या अर्ध्या गुंतवणूकदारांकडे नाही.

1951 च्या जानेवारीत, विशीतला बफे एका शनिवारी न्यूयॉर्कहून रेल्वेने वॉशिंग्टनला गेला. त्याचे शिक्षक बेंजामिन ग्रॅहम ज्या गायको या विमा कंपनीचे अध्यक्ष होते, तिचं ऑफिस पाहायला. दार बंद. ठोठावल्यावर सफाई कामगाराने उघडलं. आत त्या दिवशी एकच अधिकारी काम करत होते. त्यांनी या अनोळखी मुलाला चार तास विम्याचा धंदा कसा चालतो ते समजावलं: खर्च कुठे वाचतो, हप्ता कमी ठेवूनही नफा का उरतो. त्या चार तासांचं बफे पुढे आयुष्यभर सांगत आले. भाऊ, तुम्ही त्या दाराच्या आत 12 वर्षं बसला आहात, आणि बाहेर येऊन विचारताय की पुस्तक कोणतं वाचू!

दवा बाजारात तुम्हाला काय दिसतं ते आठवून पाहा. महिनाअखेरीला कोणत्या कंपनीचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, 'क्लोजिंग आहे, थोडा माल घ्या' म्हणून हातापाया पडतो. कोणाच्या मालावर दर महिन्याला नवी स्कीम असते आणि कोणाचा माल स्कीमशिवाय उचलला जातो. कोणती कंपनी एक्सपायरीचा माल कुरकुर न करता परत घेते. कंपनीकडून तुमच्याकडे आलेला माल म्हणजे प्रायमरी आणि तुमच्याकडून मेडिकलवाल्याकडे गेलेला म्हणजे सेकंडरी, हा फरक तुम्हाला झोपेतही कळतो. शेअर बाजारावर तासन्‌तास बोलणाऱ्या कित्येकांना तो ठाऊकही नसतो.

आता तो फरक कागदावर कसा ओळखायचा ते सांगते. तुमच्या औषध कंपनीचा वार्षिक अहवाल काढा. कंपनीच्या वेबसाइटवर आणि बीएसई-एनएसईच्या साइटवर तो फुकट मिळतो. पुढची चकचकीत पानं आणि अध्यक्षांचं भाषण सध्या सोडा, थेट ताळेबंदावर जा. येणं, म्हणजे 'ट्रेड रिसिव्हेबल्स', किती आहे ते पाहा. त्याला वर्षाच्या विक्रीने भागा आणि 365 ने गुणा. समजा विक्री 1,000 कोटी आणि येणं 200 कोटी, तर उधारी सरासरी 73 दिवसांची. पुढच्या वर्षी विक्री 1,150 कोटी झाली म्हणून पेपरात '15 टक्के वाढ' छापून आलं, पण येणं 320 कोटींवर गेलं, तर उधारी 102 दिवसांवर पोचली. याचा अर्थ काय असू शकतो, हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही. माल स्टॉकिस्टांच्या गोदामात ढकलला असेल किंवा वसुली थकली असेल. लगेच रोख प्रवाहाच्या पानावर जाऊन नफ्याच्या मानाने खरी रोकड किती आली ते पाहा. नफा वाढतोय आणि रोकड आटतेय असं सलग दोन-तीन वर्षं दिसलं, तर त्या शेअरच्या भावाकडे पाहायचंही कारण नाही. मग ऑडिटरचा अहवाल, संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप आणि संभाव्य देण्यांची टीप. एका रविवारी एवढंच होतं. पाच वर्षांचे पाच अहवाल असे वाचायला दोन महिने लागले तरी हरकत नाही.

एक सावधानता. कामाच्या ओघात बाजारात सगळ्यांना दिसतं ते दिसणं वेगळं आणि कंपनीच्या माणसाने कानात सांगितलेला न जाहीर झालेला निकाल वेगळा. त्या दुसऱ्या माहितीवर सौदा केला तर तो शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार गुन्हा ठरतो.

आणि तुमच्या माहितीची हद्द कुठे संपते तेही ओळखा. बफे ज्याला आपल्या आवाक्याचं वर्तुळ म्हणतात, त्यात वर्तुळ किती मोठं यापेक्षा त्याची कड कुठे आहे हे माहीत असण्याला ते जास्त महत्त्व देतात. तुम्ही निवडलेल्या औषध कंपनीची निम्मी विक्री अमेरिकेत असेल, तर तिथलं तुम्हाला गांजीपेठेतल्या दवा बाजारातून काहीही दिसत नाही. तिथे जेनेरिक औषधांचे भाव वर्षानुवर्षं घसरत जातात, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएचे लोक कारखान्यात तपासणीला येतात, आणि एका इशारापत्राने मंजुऱ्या अडकतात. देशातली विक्री मोठी असलेली कंपनी तुमच्या वर्तुळात, निर्यातीवर चालणारी बाहेर. पेंट, बँक आणि बिस्किटं तर सध्या पूर्णच बाहेर. बँकेचा ताळेबंद वाचणं हे वेगळंच प्रकरण आहे, तिथे कर्ज बुडायला लागल्याचं कित्येकदा फार उशिरा कळतं.

आता बायकोला पटवण्याचं. एफडीच्या मुद्द्यावर मी तिच्याच बाजूने आहे, आणि गंमत म्हणजे बफेही आहेत. 2024 च्या अखेरीला बर्कशायरकडे रोकड आणि अल्पमुदतीचे सरकारी रोखे मिळून 330 अब्ज डॉलरच्या वर होते. एवढा मोठा माणूस एवढा पैसा नुसता बाजूला ठेवून बसतो, आणि त्याची पुस्तकं वाचून तुम्ही घरातली शेवटची एफडी मोडायला निघालात! खर्च 45 हजार, म्हणजे सहा महिन्यांचे झाले 2 लाख 70 हजार. 3 लाख अडीअडचणीसाठी एफडीतच राहू द्या, शेअरसाठी त्यांना कधीच हात लावायचा नाही. टर्म इन्शुरन्स आणि तिघांचा आरोग्य विमा आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर शेअरच्या आधी ते. एफडी कुठे आहे हेही लिहिलं नाहीत. बँकेत असेल तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण असतं, व्याज धरून. पतसंस्थेत असेल तर ते नसतं. तसं असेल तर ती मुदत संपताच बँकेत हलवा, बाकी सगळं नंतर.

उरलेले 6 लाख एफडी मोडून नको, मुदत संपेल तसे काढा. त्यातले 5 लाख दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने निफ्टीच्या इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅनमध्ये. रेग्युलरमध्ये दरवर्षी एजंटचं कमिशन कापलं जातं. पगारातून दरमहा 8 हजार त्याच फंडात लावता आले तर 20 वर्षांत भरलेले होतील 19 लाख 20 हजार, आणि परतावा 10 टक्के धरला तर साधारण 61 लाख. हा 10 टक्क्यांचा आकडा मी धरला आहे, कोणी हमी दिलेली नाही. राहिलेला 1 लाख तुमचा. तो तुमच्या स्वतःच्या निवडीच्या शेअरसाठी. बुडाला तर घरात चार दिवस अबोला होईल, मुलीची फी थांबणार नाही. मला तुमच्या घरचं सगळं ठाऊक नाही, तेव्हा आकडे थोडे इकडेतिकडे होतील. सेबीकडे नोंदणी असलेला आणि फक्त फी घेणारा सल्लागार एकदा गाठलात तर उत्तम.

ऑप्शनवाल्या मित्राला हसू द्या. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे जाहीर केले: तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 1 कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात, सरासरी तोटा साधारण 2 लाख. त्याने कधी नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर वर्षभराचं पूर्ण स्टेटमेंट मागा.

बाबांच्या प्लॉटबद्दल. आपल्या नागपुरात माणूस हाती दोन पैसे आले की लेआउट पाहायला निघतो, तेव्हा बाबांना दोष नाही. 1986 साली बफेंनीही जमीन घेतली होती: नेब्रास्कात 400 एकर शेत, 2 लाख 80 हजार डॉलरला. शेतीतलं त्यांना काही कळत नव्हतं. मुलाला कळत होतं, त्याला विचारून त्यांनी मका आणि सोयाबीनचं पीक किती येईल, खर्च किती, हे मांडलं. साधारण 10 टक्के उत्पन्न पडेल असा हिशेब निघाला, तेव्हा घेतलं. पुढे भाव काय होईल याचा अंदाज त्या हिशेबात नव्हता. बाबांपुढे हेच मांडा: बेसा रोडचा रिकामा प्लॉट दरवर्षी काय देतो? देतो तर काही नाही, उलट कर घेतो. स्वतःला घर बांधायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग जमीन बिगरशेती (एनए) आहे का, मंजूर नकाशा आणि आरएल, म्हणजे रिलीज लेटर, पाहूनच पुढे जा. गुंतवणूक म्हणून घ्यायचा तर पुढचा माणूस जास्त भाव देईल, एवढ्याच आशेवर तो उभा आहे.

वाचायचंच असेल, आणि तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही हे मला दिसतंय, तर बफेंनी स्वतः लिहिलेली पत्रं वाचा. 1977 पासूनची सगळी बर्कशायरच्या वेबसाइटवर फुकट आहेत. विम्याचे भाग पहिल्यांदा सोडले तरी चालतील. ती इतकी सोपी का वाचली जातात, याचं कारण त्यांनीच सांगितलंय: लिहिताना ते आपल्या दोन बहिणींना समोर धरत, हुशार पण हिशेबातल्या तज्ज्ञ नाहीत अशा. तुम्हीही तेच करा, फक्त तुमच्या समोर गणिताची शिक्षिका आहे, म्हणजे परीक्षा जास्त कडक. शेअर घेण्याआधी एका पानावर लिहा: ही कंपनी पैसे कशातून कमावते, पाच वर्षांची उधारी आणि रोकड काय सांगते, आजचा भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे आणि तो मला का पटतो, आणि काय घडलं तर मी विकेन. खाली तारीख. पान तिला द्या आणि ती विचारेल तेवढ्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाचं नाव न घेता द्या. उत्तर नसेल तिथे पुन्हा अहवालाकडे जा. ती चुका काढेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत तिलाही त्यात रस यायला लागेल असा माझा अंदाज आहे, गणितवाल्यांचं तसंच असतं.

सुरुवात औषध कंपनीपासून करा. बाकी तिघींची पानं तुम्हाला लिहिता येतात का, ते त्यानंतर पाहू. आत्ता तरी तुमच्या पत्रात त्या घेण्यामागचं कारण म्हणून फक्त बफेंचं नाव आहे.